काचेतली पहिली बॅग

१

सकाळी नऊला दुकानाचं शटर वर गेलं आणि साडेनऊला माझी जाऊ चोर ठरली.

माझं आणि धाकटीचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे घरची म्हणून मी तिची बाजू घेतली असं पुढे कोणी म्हणायला नको. लग्न होऊन ती घरात आली त्याला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत तिने माझं एक ऐकलं असेल तर शपथ. या दुकानात तिला मीच चिकटवलं, त्याचाही रोज पश्चात्ताप होतो. पण चोर? ती? भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले म्हणून दोन थांबे मागे चालत जाणारी बाई आहे ती.

दुकान बॅगांचं. साध्यासुध्या नाही, मालकीणबाईंनी स्वतः आखलेल्या, वरच्या मजल्यावर उस्तादांनी हाताने शिवलेल्या चामड्याच्या बॅगा. मी मागच्या दुरुस्तीच्या टेबलावर बसते. चेन, बंद, अस्तर, कडी, काय बिघडेल ते. आमची बॅग घेतली की जन्मभर दुरुस्ती फुकट, असा मालकीणबाईंचा शब्द आहे आणि बावीस वर्षं तो माझे हात पाळतायत.

दुकानाच्या मधोमध एक काचेचं कपाट आहे. त्यात पहिली बॅग असायची. मालकीणबाईंनी पहिल्यांदा कागदावर काढलेली आणि उस्तादांनी पहिल्यांदा शिवलेली, तीस वर्षांची. तपकिरी, पितळी कडीची. विकायची नाही, नुसती बघायची. त्या सकाळी कपाट रिकामं होतं.

"किल्ली कोणाकडे होती?" टक्केसाहेब ओरडले.

टक्केसाहेब म्हणजे आमचे मॅनेजर. नाव मीच ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी आले आणि सेलचा सपाटा लावला. आधी वीस टक्के, मग चाळीस, मग सत्तर. चालू वर्षातला हा नववा सेल, आणि तो त्याच दिवशी सुरू व्हायचा होता.

"किल्ली माझ्याकडे होती," धाकटी म्हणाली. ती समोरचं काउंटर सांभाळते.

"मग बॅग कुठे आहे?"

"कपाटात नाही, एवढं मलाही दिसतंय."

"तुमची पर्स उघडा."

"नाही उघडणार."

काउंटरवरच्या दोन मुली, झाडूवाली, बाहेर रांगेत उभी राहिलेली गिऱ्हाइकं, सगळे बघत होते. टक्केसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "सगळ्यांसमोर सांगतो, ही चोरी आहे आणि तुम्ही चोर आहात! चार वाजता मालकीणबाई येतायत. तोवर बॅग समोर आली नाही तर नोकरीवरून काढीन आणि पोलिसांच्या हाती देईन."

"बरं," धाकटी म्हणाली आणि काच पुसायला लागली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई गं, पर्स दाखव आणि मोकळी हो ना! पण नाही. मान ताठ, ओठ घट्ट. ती काहीतरी लपवत होती हे मला अकरा वर्षांच्या अनुभवावरून कळत होतं.

२

ती सांगणार नसेल तर मीच शोधणार. उसवलेली शिवण कुठून सुटली ते शोधण्यातच माझा जन्म गेलाय.

आधी कपाट बघितलं. कुलूप शाबूत, एक ओरखडा नाही. आतल्या मखमलीच्या गादीवर बॅगेच्या बुडाचा चौकोन उमटलेला. त्या चौकोनाच्या कडेला लाल दोऱ्याचा बोटभर तुकडा पडला होता. तो मी चिमटीत उचलून पदराच्या गाठीत बांधला. एरवी असा तुकडा मी माझ्या बारीक कात्रीच्या टोकाने उचलते, पण ती महिन्याभरापासून गायब होती आणि त्यावरून मी सगळ्यांची डोकी खाल्ली होती.

मग काउंटरखालची कागदांची टोपली. त्यात वर पांढऱ्याशुभ्र चुरगळलेल्या कागदांचा ढीग, आणि अगदी तळाशी पिवळे पडलेले जुने कागद. चुरगळलेले नाही, चार घड्या घालून नीट ठेवलेले. ते हातात घेतल्यावर चामड्याचा जुना वास आला. हे कुठले, ते मला तेव्हा उमगलं नाही.

टक्केसाहेबांना गाठलं. ते टेबलाशी बसून मालकीणबाईंना द्यायची तक्रार लिहीत होते.

"काल तुम्ही किती वाजता गेलात?"

"चारला. पाट्या छापून आणायच्या होत्या. आणि तुम्ही मला कोण विचारणार?"

"तिची जाऊ. मग लाल चिठ्ठ्या कोणी बांधल्या?"

"तुमच्या जाऊबाईंनीच, पाचनंतर. यादी मी सही करून दिली होती. नव्वद दिवसांत न विकलेला प्रत्येक नग कॉम्प्युटर काढून देतो. तरी या बाई दहादा विचारणार, साहेब, सगळं का, हेसुद्धा का. शेवटी म्हटलं, यादीत आहे ते सगळं म्हणजे सगळं! मला परत विचारायचं नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "उस्ताद कुठे आहेत आज?"

उस्तादांनी रजा टाकली होती. तीस वर्षांत पहिली.

"गेल्या आठवड्यात ते माझ्या अंगावर ओरडले होते. तुम्ही या नावाचं वाटोळं केलंत म्हणाले. त्यांना कळलंय, आज मालकीणबाई वरचा कारखाना बंद करायच्या कागदावर सही करणार आहेत. बॅगा बाहेरून शिवून आणल्या की निम्म्यात पडतात. पूर्ण किमतीला घेतोय कोण आता?" ते पुढे झुकले. "म्हाताऱ्याने आणि तुमच्या जावेने मिळून केलंय हे. दोघांनाही अडकवणार मी."

मी टेबलाशी परत आले आणि एकच चेन दोनदा उलटी बसवली. रागाने, आणि खरं सांगायचं तर भीतीनेही.

३

साडेअकराला शाळेतल्या मॅडम आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या दुकानात येऊन तणतणून गेल्या होत्या. मी निघायच्या घाईत होते, तरी त्या जाता जाता म्हणाल्या ते कानावर पडलं होतं, "आता काचेतलीसुद्धा सोडली नाहीत तुम्ही!" मला वाटलं, चिडून टोमणा मारला. आता वाटलं, रागाच्या भरात या बाईंनीच काही केलं की काय?

"बंद सैल झालाय," असं म्हणत त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. मी बघितलं. बंदाला काही झालं नव्हतं. बॅग नव्यासारखी होती, फारशी वापरलेलीच नव्हती.

"मॅडम, बंद ठीक आहे. मनात काय आहे ते बोला."

त्यांनी खुर्ची ओढली. "चौदा महिने पैसे साठवून घेतली ही. पूर्ण किमतीला. मुलीच्या लग्नातही स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. बाराव्या दिवशी हीच बॅग इथे लाल चिठ्ठी लावून निम्म्यात टांगलेली. पैशाचं सोडा हो. स्टाफरूममध्ये एकीने विचारलं, सेलमधली का? मी नाही म्हटलं तर सगळ्या हसल्या. मला वेडीच समजल्या. तेव्हापासून ही कपाटात पडून आहे. मी काय गुन्हा केला? तुमच्यावर विश्वास ठेवला हाच ना?"

मी नुसती बॅगेवरची धूळ पुसली. खोटं सांत्वन मला जमत नाही.

तेवढ्यात काउंटरवर एक तरुण मुलगी आली. तिने निळी बॅग मागितली, सेलमध्ये नसलेली. काउंटरवरच्या मुलीने नेहमीच्या सवयीने बॅग उघडली, आतला कागदांचा भराव काढून टोपलीत टाकला, आणि रिकामी बॅग पुढे केली. आमच्याकडे रीतच आहे तशी. भराव काढल्याशिवाय बॅग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. अस्तर दिसलं पाहिजे, कप्प्यात हात गेला पाहिजे.

"छान आहे," ती मुलगी म्हणाली, "पण थांबते मी. तीन आठवड्यांत उतरेलच ना हिची किंमत?" आणि गेली.

मॅडम कडवट हसल्या. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी टोपलीकडे बघत होते. पिवळे पडलेले कागद! ते काचेतल्या बॅगेचा भराव होते, तीस वर्षांचे. अरे देवा! कुठला चोर बॅग चोरताना आधी भराव काढून, त्याच्या चार घड्या घालून, टोपलीत ठेवेल?

४

मी डोळे मिटले आणि एकेक टाका घातला.

चोर भराव काढत नाही. भराव काढतो तो विकणारा. म्हणजे काचेतली बॅग चोरीला गेलीच नव्हती, ती कोणीतरी कोणालातरी रीतसर दाखवली होती. लाल दोरा दुकानात एकाच कामाला वापरतात, सेलच्या चिठ्ठ्या बांधायला. पूर्ण किमतीच्या बॅगांना पांढरा असतो. मॅडमनी टोमणा मारला नव्हता, त्यांनी जे डोळ्यांनी बघितलं तेच बोलून दाखवलं होतं. संध्याकाळी सहा वाजता काचेतल्या बॅगेला लाल चिठ्ठी लागलेली होती!

आणि ती का लागली? कारण ती यादीत होती. टक्केसाहेबांनी साडेतीन महिन्यांपूर्वी दुकानातल्या प्रत्येक वस्तूला नंबर देऊन कॉम्प्युटरात घातलं होतं, माझ्या स्टुलालासुद्धा. कॉम्प्युटरला काय कळतंय? नव्वद दिवसांत विकली नाही, टाक यादीत. तीस वर्षांत विकली नव्हती ती! धाकटीने विचारलं होतं, हेसुद्धा का? उत्तर मिळालं होतं, सगळं म्हणजे सगळं.

मग घेतली कोणी? सेलच्या आदल्या संध्याकाळी सात ते आठ हा आमच्या कर्मचाऱ्यांचा तास. ही टक्केसाहेबांचीच योजना. माणशी एक नग, सेलच्या किमतीत, पावती हाताने फाडायची. मी कधी थांबत नाही, माझा जीव जळतो. काल कोण थांबलं असेल?

धाकटी जेवायला गेल्याचं बघून मी ड्रॉवर उघडला. पावतीपुस्तकातली शेवटची कार्बनची प्रत. 'हातबॅग, तपकिरी, एक. सूट सत्तर टक्के.' खाली घेणाऱ्याची वेडीवाकडी सही. ती मी तीस पावलांवरून ओळखली असती.

मी पुस्तक घेऊन मागच्या बाजूला धावले. धाकटी पायरीवर बसून डबा खात होती.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? ही पावती दाखव आणि सूट यातून!"

तिने शांतपणे घास गिळला. "पुस्तक जागेवर ठेवा ताई."

"तो तुला पोलिसांत देतोय!"

"चार वाजता ना? उस्ताद चार वाजता येतायत. मालकीणबाईंना स्वतः दाखवणार आहेत. तोवर बोलणार नाही असा शब्द दिलाय मी त्यांना." तिने पोळीचा तुकडा मोडला. "आणि ताई, त्याने मला सगळ्यांसमोर चोर म्हटलंय. आता बंद खोलीत पावती दाखवून मी सुटायचं? नाही. त्यालाही सगळ्यांसमोरच ऐकू दे."

हट्टी म्हणून मी तिला अकरा वर्षं शिव्या घातल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हिच्यातला थोडा हट्ट मला मिळाला असता तर बरं झालं असतं.

"आणि उस्ताद आलेच नाहीत तर?" मी विचारलं.

तिचा घास हातातच राहिला.

५

चार वाजता मालकीणबाई आल्या. वय झालंय, पण पाठ सरळ. टक्केसाहेबांनी भर दुकानात तक्रार वाचून दाखवली. "जिची किंमत करता येणार नाही अशी वस्तू सदर कर्मचाऱ्याने लंपास केली..."

चार वाजून दहा मिनिटं. उस्ताद नाहीत. मागच्या दाराकडे माझे डोळे लागले होते. आम्ही सगळे मागच्या दारानेच येतो.

"तू काही बोलणार आहेस का?" मालकीणबाईंनी धाकटीला विचारलं. आवाज मऊ होता.

"थोडं थांबा, बाई."

"कशासाठी थांबायचं?" टक्केसाहेबांनी फोन उचलला. "मी पोलिसांना बोलावतो."

माझा धीर सुटला. मी ड्रॉवरकडे सरकले. शब्द तिने दिला होता, मी नव्हता दिला. तेवढ्यात पुढच्या दाराशी गलका झाला.

"अहो आजोबा, रांगेत या!"

"रांगेतच आहे मी. पाऊण तास उभा आहे. माझाच नंबर आहे आता."

उस्ताद पुढच्या दाराने आत आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. इस्त्रीचा सदरा, आणि खांद्याला काचेतली बॅग. लाल दोऱ्याची चिठ्ठी तशीच लोंबत होती.

"हाच चोर!" टक्केसाहेब ओरडले.

"गिऱ्हाईक म्हणा," उस्ताद म्हणाले आणि पावती मालकीणबाईंच्या हातात ठेवली.

त्यांनी पावती वाचली. चिठ्ठी वाचली. मग धाकटीने यादी पुढे केली. एकशे बारावी ओळ, आणि खाली सही.

"ही सही तुमची?" मालकीणबाईंनी विचारलं.

टक्केसाहेब यादी चाळायला लागले. "बाई, वर्षात नऊ याद्या झाल्या. प्रत्येक ओळ कोण वाचणार?"

"आत्ताच म्हणालात ना, किंमत करता येणार नाही?" धाकटी म्हणाली. "केलीत की तुम्ही. वर सत्तर टक्के सूट."

रांगेतलं कोणीतरी खो खो हसलं. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बॅगेवरून हात फिरवला. "उस्ताद, ही परत द्या मला. पूर्ण किंमत देते."

उस्तादांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे टक्केसाहेबांची पाटी होती, हातभर अक्षरांत. सेलमधला माल कोणत्याही कारणाने परत घेतला जाणार नाही.

"तुमच्याच दुकानाचा नियम आहे, बाई."

मालकीणबाईंनी पाटी वाचली.

"तीस वर्षं बॅगा शिवल्या," उस्ताद म्हणाले. "एक विकत घेता आली नाही. काल आली. मला आनंद व्हायला हवा होता. घरी नेऊन बायकोच्या हातात दिली. तिला किती वर्षांपासून सांगत होतो, माझी पहिली बॅग, काचेत असते. तिने ही चिठ्ठी बघितली आणि आतबाहेर उलटीपालटी करून विचारलं, कुठे बिघडलीय ही?" त्यांनी चिठ्ठी पुढे धरली. "तीस वर्षांत एक टाका सुटला नाही हिचा. आणि मला उत्तर देता येईना. तुम्ही द्या. कुठे बिघडलीय ही, बाई?"

मालकीणबाईंनी कारखाना बंद करायचा कागद पर्समधून काढून त्याचे चार तुकडे केले, स्टुल ओढून घेतलं, त्यावर चढल्या आणि भिंतीवरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. मी स्टुल धरून उभी होते, म्हणून त्यांचे डोळे भरलेले फक्त मला दिसले.

"मग सेल?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"संपला. आत्तापासून बंद."

"पुढचा कधी?"

"नाही म्हणजे नाही," धाकटी बोलली. "आज घ्या, वर्षाने घ्या, किंमत एकच राहील. हे वर्षभर पैसे साठवणाऱ्यांचं दुकान आहे."

निम्मी रांग बडबडत निघून गेली. जाऊ दे गेली तर!

टक्केसाहेबही सटकत होते. धाकटी दारात आडवी उभी राहिली. "माफी. इथेच. सकाळच्याच आवाजात."

मागितली. दोनदा मागायला लावली तिने, पहिल्यांदा रांगेतल्यांना ऐकू गेली नाही म्हणून. मग तिने स्वतःहून आपली पर्स काउंटरवर उपडी केली. "आता बघा कोणाला काय बघायचंय ते." रुमाल, किल्ल्या, कंगवा, गोळ्यांची पट्टी. आणि माझी बारीक कात्री.

"ताई, मी सांगणारच होते..."

"महिनाभर डोकं खाल्लं मी लोकांचं! म्हणून पर्स उघडत नव्हतीस होय? पोलीस चालतील, पण मी नको?"

"पोलीस दोन तासांत सोडतात हो," ती पुटपुटली. मालकीणबाईसुद्धा हसल्या.

पुढचे चार महिने दुकान ओस पडलं, खोटं कशाला बोलू. टक्केसाहेबांच्या जागी कोणी आलं नाही, पगार उशिरा झाले, लोक दारातून डोकावून लाल रंग दिसत नाही म्हणून परत गेले. मग हळूहळू काहीजण आत यायला लागले. शाळेतल्या मॅडम आता ती बॅग घेऊन शाळेत जातात. मध्यंतरी खरंच बंद झिजला म्हणून घेऊन आल्या, तेव्हा तो शिवताना मला फार बरं वाटलं.

उस्ताद पहिल्या बॅगेतून जेवणाचा डबा आणतात. वर कारखान्यात खिळ्याला टांगतात. मालकीणबाई जिना चढून येतात, तिच्याकडे बघतात आणि दर वेळी विचारतात, "विकता का?"

"सूट देणार नाही," उस्ताद म्हणतात.

"मागितलीय कुठे?"

"मग नाही."

काचेचं कपाट अजून मधोमध आहे, रिकामं. आतला दिवा धाकटी रोज सकाळी लावते. नवीन गिऱ्हाईक विचारतं, यात काय होतं? ती सांगते, आमची सगळ्यात महाग बॅग, आम्ही स्वस्तात विकली.